बुडबुडा, ५८:१०

शर्यत सुरू व्हायच्या आधीच क्लबचं वेळ मोजायचं यंत्र तळ्यात पडलं. पाडलं खुद्द अध्यक्षांनी. धक्क्यावर उभे राहून ते पाहुण्यांना कौतुकाने सांगत होते, "दिसायला एवढंसं आहे, पण सेकंदाचे तुकडे करतं," आणि तेवढ्यात ते एवढंसं यंत्र त्यांच्या हातातून निसटून डुबुक झालं. पाण्यावर एक वर्तुळ उठलं, मोठं होत गेलं आणि विरलं. मग सगळ्यांच्या माना एकदम आकडेबाईकडे वळल्या.

आकडेबाई ही क्लबच्या सगळ्यांत वयस्क पोहणारीची भाची. एका संशोधन संस्थेत दम्याच्या औषधांच्या चाचण्यांची आकडेमोड करायची, म्हणून क्लबात तिला हेच नाव पडलं होतं. ती नोकरीसाठी या शहरात आली तेव्हापासून मावशीकडेच राहत होती. मावशी दर रविवारी पोहायची आणि भाची काठावर टॉवेल धरून बसायची. स्वतः गुडघ्यावर पाणी आलं की तिचा जीव घाबराघुबरा व्हायचा. आजही ती टॉवेल धरायलाच आली होती. पिशवीत लॅपटॉप होता तो सोमवारी द्यायचं काम अर्धवट राहिलं होतं म्हणून.

"पलीकडच्या काठावर घड्याळ घेऊन कुणी आहे का?" तिने विचारलं.

होतं. शर्यत या काठावरून सुटायची आणि समोरच्या काठावर संपायची. तिकडे दाताचे डॉक्टर शिट्टी आणि घड्याळ घेऊन केव्हापासून उभे होते. पोहून आलेल्यांना होडीतून परत आणायचं आणि निकाल इकडे, माईकवरून लावायचा, अशी दरवर्षीची रीत.

"मग झालं तर," आकडेबाई म्हणाली. "डॉक्टरांना म्हणावं, फोनवर लिहून पाठवा. एका ओळीत एक माणूस. नाव, वय, टोपीचा नंबर, वेळ. तो मेसेज मी जसाच्या तसा उचलून लॅपटॉपवर चिकटवते. चहा गार व्हायच्या आत निकाल तुमच्या हातात."

हे ती उगाच फुशारकीने बोलली नव्हती. संख्याशास्त्राचे प्रोग्रॅम ज्या भाषेत ती लिहायची, तिच्यात एक मोठी गोड सोय होती. एरवी तक्ता वाचायला फाईल लागते. पण फाईल नसेल तर सगळा मजकूर दोन अवतरणचिन्हांच्या मधे ठेवायचा आणि हुकूम द्यायचा, की बाई गं, हीच फाईल समज. मग ती भाषा त्या मजकुराचे ओळीगणिक आणि मोकळ्या जागेगणिक तुकडे पाडायची आणि देखणा तक्ता मांडून द्यायची. मोकळी जागा दिसली की नवा रकाना, एवढंच तिला कळायचं.

सुटायच्या रांगेत मावशी टोपी कानांवरून वर सरकवत उभी होती. क्लबात प्रत्येकाचं एक टोपीनाव असायचं, म्हणजे टोपीवर रंगवलेलं नाव, आणि नोंदही त्याच नावाने व्हायची. अध्यक्षांच्या जावयाचं टोपीनाव 'सुसाट'. तो सलग तीन वर्षं पहिला आला होता आणि 'सलग चौथ्यांदा' असं लिहिलेला फलक आत्ताच व्यासपीठामागे गुंडाळून ठेवला होता. मावशीचं टोपीनाव 'बुडबुडा'. तीही सलग तीन वर्षं आली होती, शेवटची.

"मावशी, गारठा आहे गं. या वर्षी नाही उतरलीस तर काय बिघडेल?"

"मग काय करू? टॉवेल धरून बसू? ते खातं तुझ्याकडे आहे."

"निदान होडीवाल्यांशी गप्पा मारत थांबू नकोस. मागच्या खेपेला सव्वा तास लावलास."

"अगं, भेटतात वर्षातून एकदा! न बोलता पुढे जायचं म्हणजे काय शोभतं का?"

मावशीने सारी नोकरी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये केली होती. लोकांचं बोलणं जोडून देणं हाच तिचा धंदा, आणि निवृत्तीने त्यात काडीचा फरक पडला नव्हता.

शर्यत सुटली. तेवीस जणांनी पाण्यात उड्या टाकल्या, पाण्याला उकळी फुटल्यासारखं झालं, आणि डोकी हळूहळू लहान होत गेली. ती मधल्या टप्प्याला पोचली असतील नसतील, तोच तळ्यावर धुकं उतरलं. थोडंथोडकं नव्हे. कुणीतरी दुधाचं पातेलं उलटं करावं तसं. समोरचा काठ गेला, होड्या गेल्या, शेवटी धक्क्याचं टोकही गेलं. पलीकडून फक्त डॉक्टरांची शिट्टी ऐकू येत होती. थांबून थांबून, पण नेटाने.

"होड्या आहेत सगळीकडे," अध्यक्ष मोठ्याने म्हणाले. स्वतःलाच सांगत असावेत.

आकडेबाईने क्लबच्या खोलीत टेबलावर लॅपटॉप उघडला आणि नखं खात बसली. बराच वेळ काहीच आलं नाही. मग फोन वाजला आणि एक लांबलचक मेसेज येऊन पडला. अध्यक्ष तिच्या खांद्यावरून वाकले. तिने मजकूर उचलला, अवतरणचिन्हांत बसवला आणि बटण दाबलं.

पडद्यावर लाल अक्षरं आली. दुसऱ्या ओळीत चार घटक नाहीत.

"म्हणजे काय?" अध्यक्ष.

"म्हणजे ही दुसरी ओळ पाहा. 'मोठा जुळा'. नावाच्या मधे मोकळी जागा आहे. याला वाटलं, 'मोठा' हे नाव आणि 'जुळा' हे वय."

"जुळा हे वय कसं असेल?"

"ते तुम्हाला-मला कळतं हो. याला कुठे कळतं!"

ती हसली आणि तिने दोन्ही जुळ्यांच्या नावांत जोडरेघ घातली. मोठा-जुळा. धाकटा-जुळा. पुन्हा बटण. पुन्हा लाल. या खेपेला पार शेवटच्या ओळींची तक्रार होती. तिथे डॉक्टरांनी नऊ जणांपुढे वेळेच्या जागी 'अजून आला नाही' असं सविस्तर लिहिलं होतं, म्हणजे एका रकान्याचे तीन रकाने. आणि त्या नऊ जणांत पहिलं नाव सुसाट.

"हे कसं शक्य आहे?" अध्यक्षांचा आवाज चढला. मग त्यांचा चेहरा उजळला. "कळलं! तो इतक्या लवकर पोचला असेल की डॉक्टरांनी घड्याळच चालू केलं नसेल!"

आकडेबाईने डॉक्टरांना फोन लावला.

"डॉक्टर, तुम्ही 'अजून आला नाही' असं लिहिलंय."

"हो, कारण अजून आले नाहीत. बरं ऐका, इकडे एक गंमत झालीय. ती जी पहिली..."

"गंमत मग. आधी मला सांगा, प्रत्येक ओळीत एवढ्या मोकळ्या जागा का सोडल्यात? कुठे दोन, कुठे सात."

"एकाखाली एक नीट दिसावं म्हणून. दात कसे, ओळीत हवेत."

"माझ्या फोनवर ती कवळी वेडीवाकडी दिसतेय."

डॉक्टर खळखळून हसले. हसणं छान होतं त्यांचं, पण ते लक्षात घ्यायला तिला वेळ नव्हता. "राहू द्या, जास्तीच्या जागा चालतात याला, सगळ्या मिळून एकच धरतो. न आलेल्यांचं काय ते मी बघते. ठेवते."

"अहो, पण..."

तिने फोन ठेवला. नऊ ठिकाणी 'माहिती नाही' अशी खूण घातली आणि बटण दाबलं. या वेळी लाल काही आलं नाही. सुंदर, सरळ, चार रकान्यांचा तक्ता. तिने टाळी वाजवली. वेळेप्रमाणे क्रम लावायला सांगितलं आणि नावं झरझर जागेवर बसली. पहिला मोठा-जुळा, १:०३:२२. दुसरी पाणकोंबडी, तिसरा धाकटा-जुळा, मग बाकीचे, आणि वेळ असलेल्यांत सगळ्यांत खाली बुडबुडा.

"मावशी शेवटच्या, म्हणजे तक्ता बरोबर आहे," अध्यक्ष म्हणाले. "सुसाटचं तेवढं भरा आणि लावू निकाल."

ते माईककडे निघालेही. आकडेबाईचं बोट मात्र पडद्यावर अडकलं होतं. बुडबुड्यापुढे ५८:१० असं लिहिलं होतं. तासाभराच्या आतला तो एकच आकडा होता आणि तो तळाशी बसला होता.

"थांबा! थांबा, थांबा!" तिने खुर्ची मागे सारली. "हा वेळेला वेळ समजतच नाहीये. मधे दोन टिंबं आहेत ना, म्हणून हा सगळा रकाना त्याने शब्द म्हणून वाचलाय. शब्दकोशासारखा लावलाय क्रम. एकाने सुरू होणारे वर, पाचाने सुरू होणारा खाली!"

"मग?"

"मग काय, सेकंद करते सगळ्यांचे."

तिने दोन ओळी लिहिल्या. तास असेल तर तास, नसेल तर नुसती मिनिटं, सगळ्यांचे मिळून सेकंद. बटण दाबलं आणि पडद्यावर तळाचा बुडबुडा सरळ वर आला. पहिला क्रमांक.

आकडेबाई पडद्याकडे बघत राहिली. मग तिला हसू फुटलं. आधी नाकातून, मग तोंडावर हात ठेवून, मग हात काढून. अडुसष्ट वर्षांची मावशी! होडी होडीला थांबून खुशाली विचारणारी मावशी!

"चुकलंय काहीतरी," ती डोळे पुसत म्हणाली. "सव्वा तासाच्या आत ती कधी आलेली नाही. १:५८:१० असणार. पुढचा 'एक' गळला असेल डॉक्टरांचा."

"किंवा," अध्यक्ष हळूच खुर्ची ओढून बसले, "किंवा सगळ्या वेळा एकेक ओळ खाली घसरल्या असतील. तुम्ही तो रकाना जरा वर सरकवून बघा ना. म्हणजे सुसाटला वेळ मिळेल, आणि मावशी जिथल्या तिथे."

"अध्यक्षसाहेब, हा रकाना आहे, पडदा नाही. ओढला की सरकला, असं नसतं. आणि सरकवला तरी तो सुसाटपर्यंत पोचायला सबंध तक्ता उलटा करावा लागेल."

"करून तर बघा."

"नाही हो करणार!"

बाहेर लोक जमले होते. कुणीतरी खिडकीतून डोकं घालून विचारलं, निकालाचं काय झालं? अध्यक्षांनी सांगितलं, तांत्रिक अडचण. आकडेबाईने मूळ मेसेज पुन्हा डोळ्यांखालून घातला, अक्षर न् अक्षर. कुठे ओळ मोडली नव्हती. कुठे स्वल्पविराम घुसला नव्हता. तिने सगळं पुसून पुन्हा चिकटवलं. बुडबुडा पहिला. टोपीच्या नंबराप्रमाणे लावून मग वेळेप्रमाणे लावलं. बुडबुडा पहिला. मेसेजच्या ओळी खालच्या वर केल्या. बुडबुडा, जणू काही झालंच नाही अशा थाटात, पहिला. आता तिला गुदगुल्या झाल्यासारखं व्हायला लागलं होतं. एक वेडी शंका उड्या मारत होती आणि ती तिला दाबून धरत होती.

तिने पुन्हा फोन लावला.

"डॉक्टर, पहिल्या ओळीतल्या आकड्यापुढे 'एक' लिहायचा राहिलाय का?"

"कसला एक?"

"तासाचा. एक, दोन टिंबं, अठ्ठावन्न."

"नाही. ते अठ्ठावन्न मिनिटंच आहेत. मी तुम्हाला मगापासून..."

"घड्याळ मधे थांबलं होतं का? बॅटरी?"

"थांबलं नव्हतं."

"टोपीचा नंबर धुक्यात चुकीचा वाचला असेल?"

"बाई," डॉक्टर म्हणाले, आणि त्यांचा आवाज आता हसण्याच्या काठावर डगमगत होता, "तुम्ही मला मोकळ्या जागा विचारल्यात, टिंबं विचारलीत, बॅटरी विचारलीत. साधी एक गोष्ट विचारा ना. विचारा, पहिलं कोण आलं?"

अध्यक्षांनी फोनकडे कान लावला.

"पहिलं कोण आलं?" आकडेबाईने बारीक आवाजात विचारलं.

"तुमची मावशी आली! तेच सांगतोय! धुक्यातून आधी आवाज आला, 'अहो शिट्टीवाले, जरा जोरात वाजवा, या कानाला कमी ऐकू येतंय.' मग टोपी आली. मग मावशी आल्या. वरच्या डाव्या सुळ्यावर माझंच काम आहे, मी ओळखणार नाही होय? त्यांच्यानंतर कितीतरी वेळ कुणीच नाही. त्या वाळूवर बसून माझा चहा प्यायल्या. सगळा!"

आकडेबाईच्या तोंडून जो आवाज निघाला त्याला शब्द म्हणता येणार नाही. ती उठली, बसली, परत उठली.

"पण कसं?"

"घ्या, त्यांनाच विचारा."

फोनवर मावशी आली. दात वाजत होते, पण जीभ शाबूत होती. "अगं, कसं काय विचारतेस? गप्पा मारायला कुणी दिसेचना! हाका मारल्या, एक होडी ओ देईना. म्हटलं आता एकटीने पाण्यात करायचं काय? मग पोहत सुटले."

"आणि रस्ता? धुक्यात दिसला कसा?"

"दिसायचं काय त्यात? शिट्टी वाजत होती की. ही सगळी पोरं तोंड पाण्यात घालून, कानांवर टोप्या ओढून पोहतात. त्यांना काय ऐकू येणार, कपाळ? मी मान वर काढून पोहते. सगळे हसतात मला. इतकी वर्षं कानाला यंत्र लावून बसले मी, कुठली लाईन कुठून येतेय ते मला कळणार नाही तर कुणाला?"

"मावशी, तू पहिली आलीस!"

"हो, हे डॉक्टरही तेच म्हणतायत. मला वाटलं, दात काढून घेण्याआधी बोलतात तसं गोड बोलतायत."

एवढ्यात क्लबचा फोन खणखणला. अध्यक्षांनी उचलला. मत्स्यबीज केंद्राचा रखवालदार बोलत होता. ते केंद्र तळ्याच्या भलत्याच टोकाला. तो इतक्या मोठ्याने बोलत होता की साऱ्या खोलीला ऐकू गेलं. "साहेब, इथे माशांच्या हौदापाशी नऊ माणसं चड्डीवर उभी आहेत. तुमचीच म्हणतात. सगळ्यांत पुढे जो आहे तो विचारतोय, निकाल लागला का. आणि पांघरायला माझ्याकडे फक्त खाद्याची पोती आहेत, देऊ का?"

"द्या," अध्यक्ष क्षीण आवाजात म्हणाले. सुसाट धुक्यात जोराने निघाला होता. अगदी नावाप्रमाणे, फक्त भलतीकडे, आणि त्याच्यावर विश्वास ठेवून आठ जण त्याच्या पायांमागे.

अध्यक्ष थोडा वेळ टेबलाच्या कडेला धरून उभे राहिले. मग त्यांचे खांदे हलायला लागले. आकडेबाईला वाटलं, रडतायत. पण ते हसत होते. "पोती!" ते म्हणाले. "माझ्या जावयाला माशांच्या खाद्याची पोती!" आणि मग दोघंही असे हसले की खिडकीतली डोकी दुप्पट झाली. अध्यक्षांनी डोळे पुसले, कोट सारखा केला, माईकपाशी गेले आणि खणखणीत आवाजात म्हणाले, "पहिला क्रमांक, बुडबुडा! अठ्ठावन्न मिनिटं, दहा सेकंद!"

बाहेर आधी कुणाला पटेना. मग कुणीतरी शिट्टी मारली, कुणीतरी डबा वाजवला आणि सगळा धक्का नाचू लागला. होडी धुक्यातून पुढे आली तेव्हा मावशी डोक्याला टॉवेल गुंडाळून, डॉक्टरांचा कोट घालून मधोमध बसली होती आणि वल्हेवाल्याला त्याच्या मुलीच्या परीक्षेचं विचारत होती. आकडेबाई पळत सुटली. धक्का संपला हे तिच्या ध्यानातच आलं नाही. ती चपलांसकट पाण्यात गेली, आधी गुडघ्यापर्यंत, मग कमरेपर्यंत, आणि होडीच्या काठाला धरून तिने मावशीचा ओला गाल ओढून मुका घेतला.

"अगं, सांभाळ, बुडशील!" मावशी ओरडली. मग तिने खाली वाकून पाहिलं. "अगंबाई! तू पाण्यात आहेस!"

"आहे ना!" आकडेबाई कुडकुडत, हसत म्हणाली. "गार आहे गं किती!"

डॉक्टरांनी होडीतून हात पुढे केला. तिने तो धरला, पण वर चढायची घाई केली नाही.

केंद्राचा टेम्पो आला तेव्हा बक्षिसं वाटून होत आली होती. नऊ जण पोती पांघरून उतरले, त्यांच्या अंगाला असा वास येत होता की काठावरची मांजरं त्यांच्या मागोमाग व्यासपीठापर्यंत आली. सुसाट गडी दिलाचा मोठा. त्याने सगळी हकिकत ऐकली, पोतं सावरलं आणि मावशीला खांद्यावर उचलून घेतलं. मावशी वरून म्हणाली, "उचललंस ते ठीक, पण आता नेतोस कुठे ते आधी सांग!" आणि धक्क्यावर पुन्हा एकदा हशा पिकला. गुंडाळलेला फलक कुणी उघडलाच नाही.

संध्याकाळी घरी आकडेबाई गरम पाण्यात पाय सोडून बसली होती. सोमवारचं काम तसंच पिशवीत होतं. मावशी बहिणींना फोन करत होती, थोरलीपासून सुरुवात करून एकेकीला. थोरलीला सांगितलं तेव्हा धुकं होतं. त्यापुढचीला सांगितलं तेव्हा धुकं आणि वारा. आकडेबाईच्या आईचा नंबर आला तोवर लाटा डोक्यावरून जात होत्या आणि सुसाटने तिला वाटेत हात जोडून दिशा विचारली होती. धाकटीचा फोन लागला तेव्हा मावशी सोफ्यावर उठून उभी राहिली.

"आणि मग बघते तर काय, समोर मगर!"

"मावशी!" भाची पाय पाण्यातून काढत ओरडली. "त्या तळ्यात मगर नाहीये!"

मावशीने फोनवर हात ठेवला आणि तिच्याकडे अतिशय गंभीरपणे पाहिलं.

"तुला काय ठाऊक? तू त्या वेळी टेबलाशी बसली होतीस," ती म्हणाली, आणि हात काढून पुढे सांगू लागली.